उघडी खिडकी : शेजारप्रीतीचा विसरलेला धडा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग लागते. बोरी नदीच्या काठचा तेथील किल्ला आणि त्या किल्ल्यातील पाणीमहाल पाहण्यासाठी पावसाळ्यात दूरदूरचे लोक येतात. दुसरा इब्राहीम आदिलशाह याच्या कारकिर्दीत, सुमारे १६१३ मध्ये, नदीवर दगडी बंधारा घालून त्या बंधाऱ्याच्या पोटात हा महाल बांधण्यात आला. वरून 'नर' आणि 'मादी' हे दोन धबधबे कोसळत असताना आतील दालने कोरडी राहतात, याचे सर्वांना नवल वाटते. मला मात्र प्रत्येक भेटीत आणखी एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे. मागे पाणी, पुढे पाणी, चहूकडे दगड, आणि तरीही त्या दालनात जीव कोंदत नाही. धबधब्याच्या बाजूला ठेवलेल्या कमानींतून उजेड आणि वारा आत येत राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या स्थापत्यकाराने पाण्याइतकाच हवेचाही विचार केला होता.

काही वर्षांपूर्वी असाच पाणीमहाल पाहून झाल्यावर संध्याकाळी त्याच परिसरातील एका वस्तीवर प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. ऑक्टोबर, म्हणजे पवित्र जपमाळेचा महिना होता. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा आणि एकच खिडकी. तीही समोर कपाट ठेवल्यामुळे कायमची बंद. लहानथोर मिळून आम्ही बावीस जण दाटीवाटीने बसलो होतो. डास येतात म्हणून दार लोटून घेतले होते. कोपऱ्यात डास पळवणारी कॉइल जळत होती, क्रूसापुढे अगरबत्ती होती. जपमाळेची रहस्ये आणि भजने चालू असताना मागे बसलेले एक आजोबा सारखे खोकत होते. कोणी त्यांना पाणी दिले, कोणी खडीसाखर दिली. दार उघडावे, हे मात्र कोणाच्याच मनात आले नाही, माझ्याही नाही.

दोन महिन्यांनी त्या आजोबांना क्षयरोग असल्याचे निदान झाले. सहा महिन्यांच्या औषधोपचाराने ते पूर्ण बरे झाले, याबद्दल प्रभूचे आभार. त्या संध्याकाळी त्या खोलीत कोणाला लागण झाली, असे मी म्हणत नाही. तसे सांगण्यास काही आधार नाही. परंतु एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला आहे. पाहुण्याला आपण पाणी गाळून, प्रसंगी उकळून देतो. अन्न झाकून ठेवतो. मग ज्या खोलीत आपण त्याला तासभर बसवतो, त्या खोलीतील हवेची चौकशी आपण का करीत नाही?

हवेतून काय जाते?

माणूस बोलतो, गातो, खोकतो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा नाकातोंडातून अतिशय सूक्ष्म कण बाहेर पडतात. मोठे थेंब लवकर खाली पडतात; सूक्ष्म कण मात्र बिडीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. मोकळ्या अंगणात तो धूर क्षणात विरतो, बंद खोलीत तो साचतो. रोगजंतूंचेही तसेच आहे. क्षयरोग अशा रीतीने हवेतून पसरतो, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५० च्या दशकात एका प्रयोगाने सिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या कक्षातून बाहेर टाकलेली हवा वरच्या मजल्यावरील गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडण्यात आली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी कोणताही संपर्क नव्हता, तरीही केवळ त्या हवेमुळे त्यांच्यापैकी काहींना क्षयाची लागण झाली.

एवढा पुरावा हाती असूनही जगाने तो धडा विसरून टाकला होता. कोविडच्या साथीच्या प्रारंभी, मार्च २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठामपणे सांगितले होते. त्यामुळे आपण सर्वांनी हात धुतले, बाके पुसली, भाजीसुद्धा धुतली. खिडक्या मात्र बंदच राहिल्या. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेने हवेतून होणारा प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य केला. तोवर पुष्कळ घरांतील दिवे विझले होते.

ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक घटना त्याच मार्चमधील आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा सराव १० मार्च २०२० रोजी एका चर्चच्या आवारातील सभागृहात झाला. एकसष्ट जण जमले होते. त्यांनी हस्तांदोलन टाळले, हात निर्जंतुक केले. अडीच तास गायन झाले. त्यांपैकी त्रेपन्न जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या मंडळींनी तेव्हा सांगितलेली खबरदारी घेतली होती. सांगितली गेली नव्हती ती एकच गोष्ट: गाताना आपण एकमेकांचा श्वास घेत असतो.

औषध आले, खिडकी मिटली

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते, असे नाही. पाचगणीचे बेल-एअर हे क्षयरुग्णांसाठीचे आरोग्यधाम डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केले. 'चांगली हवा' हाच त्या फ्रेंच नावाचा अर्थ आहे. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदांच्या प्रयत्नांतून क्षयरुग्णांचे आरोग्यधाम उभे राहिले. ती जागा आजही वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. औषध नसलेल्या त्या काळात उंच छत, लांब व्हरांडे, समोरासमोर खिडक्या आणि मोकळी हवा हाच उपचार मानला जाई. त्या हवेने क्षय बरा होत असे, असा दावा करता येणार नाही. परंतु शेजारच्या खाटेवरील माणसाचे आणि शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे तिने नक्कीच रक्षण केले असेल.

पुढे औषधे आली. १९५६ मध्ये तेव्हाच्या मद्रास शहरात सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले की, दाटीवाटीच्या घरात राहून औषधे घेणारा गरीब रुग्णसुद्धा आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो. गरिबांसाठी ही फार मोठी सुवार्ता होती. आरोग्यधामे हळूहळू ओस पडली, आणि त्यांच्याबरोबर खिडकीचे महत्त्वही मनातून उतरले. रोग बरा करणारी गोळी मिळाल्यावर रोग टाळणाऱ्या झरोक्याची आठवण कोणाला राहणार?

या विस्मरणाची किंमत आपण मोजत आहोत. २०२५ पर्यंत भारतातून क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट शासनाने २०१८ मध्ये जाहीर केले होते. तपासणी वाढली, मोफत औषधे मिळाली, पोषणासाठीचे दरमहा पाचशे रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले. या प्रयत्नांना यशही आले आहे. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना क्षय होत असे, तो आकडा २०२४ मध्ये १८७ वर आला. ही घट सुमारे एकवीस टक्क्यांची आहे. उद्दिष्ट ऐंशी टक्क्यांचे होते. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक आजही भारतीय आहे. पोषण, मधुमेह, तंबाखू, निदानातील दिरंगाई अशी याची अनेक कारणे आहेत आणि हवा हे त्यांतील एकच. परंतु बाकीच्या कारणांवर निदान बोलले तरी जाते.

मुंबईने शिकवलेला आणि विसरलेला धडा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर दोन वर्षांनी स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणण्याचा घाट घातला. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम आग्रहाने मांडला. साध्या शब्दांत त्याचा अर्थ असा : इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर तिच्यासमोर मोकळे असले पाहिजे. प्लेग कोंदट हवेने नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. शिवाय ट्रस्टने पाडलेल्या घरांतील गरिबांचे हालही झाले. तरीही माणसाच्या खोलीत हवा आणि उजेड पोहोचलाच पाहिजे, ही मागणी चुकीची नव्हती.

शंभर वर्षांनी त्याच मुंबईत, गोवंडी-मानखुर्द परिसरात, झोपडपट्टीतील आणि प्रकल्पबाधित कुटुंबांसाठी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड ही त्यांतील दोन नावे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईतील तज्ज्ञांच्या साह्याने या वसाहतींचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन इमारतींमधील अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर होते. जेथे ऊन आणि वारा पोहोचत नव्हता अशा खालच्या मजल्यांवरील घरांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. ऑरसाहेबांच्या नियमाने हिशेब केला, तर वीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर दहा मीटर मोकळी जागा हवी होती.

मराठवाड्यातून पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कितीतरी कुटुंबे अशाच वसाहतींतून राहतात. गरिबाला पक्के घर दिले, हे पुण्यकर्म खरे. परंतु घर देताना श्वास काढून घेतला, तर त्या दानाचे माप अपुरेच म्हणावे लागेल.

आपल्या भागातील घरे

आता आपल्या भागाकडे वळू. जुन्या धाराशिव जिल्ह्यातील घरे जाड दगडी भिंतींची आणि मातीच्या माळवदाची होती. बाहेरच्या बाजूस खिडक्या थोड्याच असत. परंतु मध्ये चौक असे आणि माळवदाला झरोका ठेवलेला असे, ज्याला आपली वडीलधारी मंडळी 'साणे' म्हणत. चुलीचा धूर तेथून वर जाई, उन्हाचा कवडसा तेथून खाली येई. ती घरे हवेच्या दृष्टीने आदर्श होती, असे मुळीच नाही. त्याहून मोठे दुःख म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात त्याच जड माळवदांखाली आणि भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, ती योग्यच होती. सिमेंटचे छत आले, पत्रा आला. घर भूकंपात टिकेल का, हा प्रश्न आपण विचारू लागलो. परंतु माळवदाबरोबर साणेही गेले, आणि त्याची जागा कशाने भरून काढायची, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

आज नव्या घरात काचेची सरकती खिडकी बसवतात. ती दिसते मोठी. पण उघडते अर्धीच, कारण एक तावदान नेहमी दुसऱ्याच्या मागे असते. समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी नसते, त्यामुळे वारा आत येऊन जाणार कोठे? छताचा पंखा लावला की हवा आली, असे आपण समजतो. पंखा तीच हवा खोलीत फिरवत राहतो. भिंतीवरील वातानुकूलन यंत्रही बहुधा आतलीच हवा गार करून परत देते.

प्रथम आपल्या घरापासून

शासनाला आणि बिल्डरांना उपदेश करणे सोपे आहे. म्हणून येथे स्वतःची चूक कबूल करतो. एका धर्मग्रामात मी प्रमुख धर्मगुरू असताना चर्चचे नूतनीकरण झाले. जुन्या लाकडी झडपांच्या खिडक्यांतून धूळ येत असे, कबुतरे शिरत, रस्त्यावरील आवाजाने प्रवचन ऐकू जात नसे. देणगीदार पुढे आले आणि आम्ही त्या जागी संतांच्या चित्रांच्या सुरेख रंगीत काचा बसवल्या, कायमच्या बंद. सर्वांनी कौतुक केले. पुढच्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्च तुडुंब भरले, धूप झाला, आणि दोन वृद्ध भगिनींना चक्कर येऊन बाहेर न्यावे लागले. मी ते उपवासाचे आणि गर्दीचे निमित्त समजलो. आज वाटते, ती इमारतच श्वासासाठी तळमळत होती.

आपल्या संस्थांची वसतिगृहे, शाळांचे वर्ग, दवाखान्यांतील प्रतीक्षाकक्ष, धर्मशिक्षणाच्या खोल्या आणि पापनिवेदनाची ती अरुंद पेटी यांचा या दृष्टीने आपण कधी विचार केला आहे काय? वसतिगृहात पालकांनी विश्वासाने सोपवलेली मुले एका खोलीत रात्रीचे आठ तास एकमेकांचा श्वास घेत झोपतात. थंडीत खिडक्या लावल्या जातात आणि एकाचा खोकला आठवडाभरात सर्वांचा होतो, हे प्रत्येक वॉर्डनला ठाऊक आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ या तारखेच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रदूषणाचा विचार मांडताना स्वयंपाकाच्या आणि शेकोटीच्या इंधनाच्या धुराचाही उल्लेख केला आहे. ऐन तारुण्यात फुफ्फुसाचा काही भाग गमावलेल्या आणि २०२५ मध्ये न्यूमोनियाशी झुंजत अखेरचे दिवस काढलेल्या त्या परमगुरूंना श्वासाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. सृष्टीची काळजी म्हणजे केवळ झाडे लावणे नव्हे. चार भिंतींतील हवा हीसुद्धा सृष्टीच आहे.

काय करता येईल?

खर्चिक यंत्रांपासून आरंभ करण्याची गरज नाही. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खिडक्या-दारे उघडल्यावर खोलीतील हवा तासाला सरासरी अठ्ठावीस वेळा बदलत असल्याचे आढळले. यांत्रिक वायुवीजन असलेल्या खोल्यांत हे प्रमाण बारा होते. सर्वांत सुरक्षित ठरल्या त्या १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. म्हणजे आपल्या मिशनऱ्यांनी बांधलेल्या जुन्या वास्तूंसारख्याच!

पहिली गोष्ट मोजमापाची. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आपल्यासारख्या कोरड्या उष्ण प्रदेशात खिडक्यांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक-दशांश असावे. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट, म्हणजे तीन फूट बाय चार फुटांची पूर्ण उघडणारी एक खिडकी लागेल. ती दोन समोरासमोरच्या भिंतींत विभागली, तर अधिक उत्तम. नवे घर किंवा सभागृह बांधताना गवंड्याला हे आधीच सांगावे. नंतर भिंत फोडणे महाग पडते.

दुसरी गोष्ट अडचणींची, कारण त्या खऱ्या आहेत. डास येतात, तर खिडकीला जाळी बसवावी. डासांची एक कॉइल जळताना पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले आहे. चोरीची भीती असेल, तर गज लावावेत आणि उंचावर झरोके ठेवावेत. पत्र्याच्या छतावर वाऱ्याने फिरणारे घुमट बसवता येतात. ते विजेशिवाय गरम हवा बाहेर टाकतात. जेथे दुसरी खिडकी शक्यच नाही, तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. शेजारच्या रानात पाचट जळत असेल, तर तेवढा वेळ खिडक्या लावाव्यात आणि धूर सरताच उघडाव्यात.

तिसरी गोष्ट उपासनेची. मिस्सेच्या अर्धा तास आधी चर्चची सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात आणि दोन मिस्सांच्या मध्ये पुन्हा उघडाव्यात. धूप हे प्रार्थनेचे सुंदर प्रतीक आहे, परंतु लहान व बंद जागेत तो बेताचाच असावा. गायकवृंदाचा सराव शक्य तर व्हरांड्यात घ्यावा. हवा किती साचली आहे, हे दाखवणारे कार्बन डायऑक्साइड मापक यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बाहेरील हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असते. खोलीत ते हजाराच्या वर चढू लागले की खिडकी उघडण्याची वेळ झाली, असे समजावे. बेल्जियमने २०२२ मध्ये सार्वजनिक जागांतील हवेसाठी कायदाच केला. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक यंत्र घेऊन धर्मग्रामातील शाळा, वसतिगृह आणि चर्च आळीपाळीने तपासता येईल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोकणाऱ्या माणसाला दूर लोटण्यासाठी हे लिहिलेले नाही. क्षयरुग्णाला योग्य औषधे सुरू झाली की त्याच्यापासून होणारा संसर्ग झपाट्याने घटतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीला सरकारी दवाखान्यात सोबत घेऊन जाणे, हे आपले कर्तव्य आहे. खेळत्या हवेचे खरे मोल हेच की, आजारी कोण आणि निरोगी कोण याची चौकशी न करता ती सर्वांचे रक्षण करते. ज्या खोलीची खिडकी उघडी आहे, त्या खोलीत खोकणाऱ्या आजोबांनाही जागा राहते.

छप्पर उघडणारे चौघे

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. कफर्णहूममधील एका घरात प्रभू येशू उपदेश करीत होता. गर्दी एवढी की दारातही उभे राहण्यास जागा नव्हती. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेवर आणले, आत जाता येईना म्हणून ते छपरावर चढले आणि छप्पर उकरून त्यांनी त्याला खाली सोडले. त्या देशातील घरांची छप्परेही आपल्या माळवदासारखी, लाकडावर माती थापलेली असत. या उताऱ्यावर आजवर मी त्या चौघांच्या विश्वासाविषयी अनेकदा प्रवचन केले. त्या खोलीतील लोकांचा विचार अलीकडेच मनात आला. अंगावर मातीचे ढेकूळ पडल्याने काहींनी कुरकुर केली असेल. पण त्याच भगदाडातून त्या कोंदट गर्दीवर उजेड आणि वाराही उतरला असेल. एका आजारी माणसासाठी उघडलेल्या छपराने सर्वांनाच मोकळा श्वास दिला.

त्या धर्मग्रामातील बंद काचांपैकी वरच्या बाजूच्या काचा आता उघडत्या करून घेतल्या आहेत. संतांची चित्रे तशीच आहेत. थोडी धूळ येते, क्वचित एखादे कबूतरही येते. येत्या रविवारी आपण आपापल्या चर्चमध्ये आणि घरी एकदा वर पाहावे, भोवती पाहावे, आणि कोणती खिडकी बऱ्याच दिवसांत उघडलेली नाही, हे शोधावे. तिच्यासमोरचे कपाट हलवण्यासाठी दोन माणसे पुरेशी होतील.